मगरिबला वीस मिनिटं उरलेली असताना

ग्लुकोमीटरवर 58 आकडा आला तेव्हा मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायच्या, अजानला वीस मिनिटं बाकी होती. अब्बांच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे पडलेले, समोर दस्तरखान मांडलेला. मी पाण्यात साखर ढवळून पेला पुढे केला, तर त्यांनी तो हातानं मागे सारला. "अख्खा दिवस काढला. आता वीस मिनिटांसाठी मोडू?" बोलताना जीभ जड झाली होती, हात थरथरत होता, पण आवाज मात्र ठाम. साखर खाली गेली की माणूस हट्टी होतो, समजावलेलं त्याच्या डोक्यात शिरत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेवटी अम्मीनं माझ्या हातातला पेला घेतला आणि म्हणाली, "अल्लाहनं सवलत दिलीय. ती नाकारणारे तुम्ही कोण?" ते प्यायले. पंधरा मिनिटांनी आकडा 84 झाला. थोड्याच वेळात अजान झाली आणि ते सगळ्यांबरोबर जेवायला बसले, पण नजर वर करत नव्हते.

ती खाली गेलेली नजर मला अजून टोचते, म्हणून हे लिहिते आहे. मराठीत उपास सोडणं वेगळं आणि उपास मोडणं वेगळं. मधुमेह असलेल्या रोजेदाराच्या मनात ही रेघ फार ठळक असते, आणि ती ओलांडायला नको म्हणून तो जिवावरचा धोका पत्करतो. खरं तर साखर 70 च्या खाली गेल्यावर साखरेचं पाणी पिणं म्हणजे औषध घेणं आहे. मिनिटं वीस उरली असोत की दोन.

किती जण, किती धोका

2001 साली 13 देशांमध्ये मधुमेह असलेल्या 12 हजारांहून अधिक मुस्लिम रुग्णांची पाहणी झाली. एपिडायर या नावानं ती ओळखली जाते. टाइप 2 मधुमेहाच्या जवळपास 79 टक्के रुग्णांनी आणि टाइप 1 च्या (यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) 43 टक्के रुग्णांनी महिन्यातले किमान 15 रोजे ठेवले होते. यातल्या कित्येकांना डॉक्टरांनी "नका ठेवू" असं सांगितलेलंच असणार. म्हणजे नुसतं "नका ठेवू" म्हणून चिठ्ठी हातात देण्यानं काही साधत नाही. माणूस मान डोलावतो, घरी येतो आणि पहाटे रोज्याआधीच्या जेवणाला, सहरीला, उठतो. फरक एवढाच पडतो की आता तो डॉक्टरांना काही विचारतही नाही.

त्याच पाहणीत दिसलं की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊन दवाखान्यात न्यावं लागण्याचं प्रमाण रमजानमध्ये टाइप 1 मध्ये सुमारे 4.7 पट आणि टाइप 2 मध्ये 7.5 पट झालं. पट ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून मूळ आकडाही सांगते: टाइप 2 मध्ये दर 100 रुग्णांमागे महिन्याला 0.4 प्रसंग होते, ते 3 झाले. उलट बाजूला साखर भयंकर वाढण्याचे प्रसंगही टाइप 2 मध्ये पाचपट झाले. ही दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पोट रिकामं तर साखर कमीच असणार, अशी बहुतेकांची ठाम समजूत असते.

दिवसभरात शरीरात काय घडतं

सहरीचं जेवण पहिले काही तास पुरतं. त्यानंतर रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताकडे येतं. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो, पण तो शंभरेक ग्रॅमच्या आसपासच. निरोगी माणसात या वेळी इन्सुलिन आपोआप कमी होतं, ग्लुकॅगॉन नावाचं संप्रेरक वाढतं, आणि यकृत हा साठा हळूहळू रक्तात सोडतं. दुपार उलटते तसा साठा उतरत जातो आणि शरीर चरबी जाळायला लागतं. थोडी नवी साखरही यकृत स्वतः तयार करतं. म्हणूनच निरोगी रोजेदाराला भूक लागते, तहान लागते, पण साखर घातक पातळीवर जात नाही.

मधुमेहात हे आपोआप चालणारं गणित बिघडलेलं असतं. सहरीला घेतलेल्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडत राहतात. टोचून घेतलेलं इन्सुलिन तर ठरलेल्या तासांपर्यंत काम करणारच. गोळीला रोजा कळत नाही. रोजच्या जेवणाच्या हिशेबानं ठरवलेला डोस रिकाम्या पोटावर चालत राहतो. इकडे यकृताचा साठा तळाला लागलेला. जोहर (दुपारची नमाज) ते मगरिब, आणि त्यातही असरनंतरचा (दुपार कलल्यावरची नमाज) वेळ सगळ्यात नाजूक का, ते यात आलं.

साखर उतरल्याची खूण आधी शरीर देतं: घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक. मग मेंदूची पाळी येते. चिडचिड, गोंधळ, शब्द न सुचणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, गुंगी. आता रमजानच्या चौथ्या प्रहरी एखादा माणूस भुकेला, थकलेला आणि चिडका दिसला तर घरचे काय म्हणतात? "रोजा लागलाय, थोडं पडू दे त्यांना." तो पडतो, आणि झोप समजून कुणी हलवत नाही. मला सगळ्यात भीती या झोपेची वाटते. मधुमेहाच्या रुग्णाला दुपारी उठवून बघा. सरळ उत्तर देतो का, अंग ओलं लागतंय का, पाहा. शंका आली की बोटाला सुई टोचा, अंदाज बांधत बसू नका.

ज्यांचा मधुमेह फार जुना आहे, त्यांच्यात ही पहिली खूण बोथट होते. घाम नाही, थरथर नाही, थेट गोंधळ. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम तेवढा येतो. अशा माणसानं "मला कळतंच की" यावर विसंबू नये.

आता साखर वाढण्याविषयी. त्याची दोन कारणं. एक इफ्तारचं ताट, त्याकडे पुढे येते. दुसरं अधिक गंभीर: साखर उतरेल या भीतीनं लोक स्वतःच्या मनानं गोळी किंवा इन्सुलिन बंद करतात. टाइप 1 मध्ये इन्सुलिन पूर्ण थांबवलं तर पोट रिकामं असूनही यकृत साखर सोडतच राहतं, पेशींना ती वापरता येत नाही, शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात किटोन साचून रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. हे दिसलं की घरगुती उपाय करत थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं. टाइप 1 असलेल्यानं रोजा ठेवला किंवा नाही ठेवला, इन्सुलिन शून्यावर कधीच आणायचं नसतं.

साखर वाढली की ती लघवीवाटे पाणी ओढून नेते. इथे तर दिवसभर पाणीच पोटात गेलेलं नसतं. मग उठताना चक्कर येते, म्हातारी माणसं पडतात, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्त दाट होऊन गुठळीचा धोका वाढतो. लघवी जास्त करवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आणखीच.

"गेल्या खेपेला तर काही झालं नव्हतं"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर सविस्तर देते. हिजरी वर्ष चांद्र आहे, सौर वर्षापेक्षा 10–11 दिवसांनी लहान. म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. एकाच गावातला रोजा हिवाळ्यात लहान असतो, उन्हाळ्यात कितीतरी मोठा. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत उन्हाळी रोजा 18 तासांच्याही पुढे जातो. थंडीच्या दिवसांत जो डोस निभावून नेला, तोच पुढे उन्हाळ्यातल्या रोज्याला झेपेलच असं नाही. शिवाय मधल्या वर्षांत वय वाढलेलं असतं, मूत्रपिंड थोडं थकलेलं असतं, एखादी नवी गोळी सुरू झालेली असते. प्रत्येक रमजानचा हिशेब त्या वर्षीच्या शरीरावर मांडायचा.

हा हिशेब मांडायची रीत ठरलेली आहे. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशन आणि डायबेटिस अँड रमजान इंटरनॅशनल अलायन्स या संस्थांनी 2016 मध्ये मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या, 2021 मध्ये त्या सुधारल्या. त्यांत गुणांची पद्धत आहे. मधुमेहाचा प्रकार, तो किती वर्षांचा आहे, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी, साखर उतरण्याचे आधीचे प्रसंग, इन्सुलिन चालू आहे का, मूत्रपिंड, हृदय, वय, गरोदरपण, कामाचे कष्ट, रोज्याचे तास, मागच्या रमजानचा अनुभव, अशा प्रत्येक गोष्टीला गुण. बेरीज 3 पर्यंत असेल तर रोजा बहुधा सुरक्षित, 3.5 ते 6 म्हणजे खात्री देता येत नाही, 6 च्या वर गेली तर धोका मोठा. ही बेरीज डॉक्टरांसमोर बसून करायची, रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी. औषध बदललं तर ते अंगवळणी पडायलाही वेळ लागतो. रमजानचा चाँद दिसल्यावर दवाखान्यात पळण्यात अर्थ नाही.

काही जणांनी मात्र बेरजेचीही वाट पाहू नये. गेल्या तीन महिन्यांत साखर इतकी उतरली की दुसऱ्याला मदतीला यावं लागलं, किटोनचा त्रास होऊन भरती व्हावं लागलं, साखर उतरल्याची खूणच कळत नाही, डायलिसिस चालू आहे, गरोदरपणात इन्सुलिन चालू आहे, ताप-जुलाबासारखं आजारपण अंगात आहे: यांनी रोजा ठेवू नये असंच सांगितलं जातं.

दीन (धर्म) काय सांगतो

मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्राची जाणकार, नाही. पण डॉक्टर एक सांगतात आणि मन दुसरं, या कात्रीत सापडलेल्यांसाठी हे माहीत असणं गरजेचं वाटतं. कुराणात सूरह बकराच्या ज्या आयतांमध्ये (184 आणि 185) रोज्यांचा हुकूम आहे, तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला सूट आहे. नंतरच्या दिवसांत तेवढे रोजे पूर्ण करावेत, आणि ज्यांना झेपतच नाही त्यांनी गरिबाला जेवू घालावं. पहिलं म्हणजे कजा, दुसरं म्हणजे फिद्या. त्याच 185 व्या आयतीत अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचं आहे, कठीण नाही, असंही म्हटलं आहे. म्हणजे सूट हा कुणी आधुनिक डॉक्टरांनी काढलेला मार्ग नाही, ती हुकमाच्या शेजारीच लिहिलेली आहे.

2009 मध्ये शारजा इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीनं खास मधुमेह आणि रोजा या विषयावर ठराव केला. त्यात रुग्णांचे धोक्यानुसार गट पाडले आणि ज्यांच्या जिवाला गंभीर अपाय होण्याची दाट शक्यता आहे, त्यांनी रोजा ठेवू नये असं स्पष्ट केलं. हिवाळ्याच्या लहान दिवसांत कजा रोजे झेपतील की फिद्याच द्यावा, हे मात्र आपल्या मुफ्तींना (धर्माचा निर्णय सांगणाऱ्यांना) आपली पूर्ण तब्येत सांगून विचारावं.

आणि सगळ्यांना पडणारा प्रश्न: सुई टोचली तर रोजा तुटतो का? बोटातून रक्ताचा थेंब काढल्यानं तुटत नाही. इन्सुलिन टोचून घेतल्यानंही तुटत नाही. याच अकादमीनं 1997 च्या जेद्दा इथल्या ठरावात पोषण न देणारी उपचाराची इंजेक्शनं आणि तपासणीसाठी काढलेलं रक्त यांनी रोजा तुटत नाही असं म्हटलं आहे. पोषण देणारी सलाइनची बाटली ही वेगळी गोष्ट. या एका गैरसमजापायी दिवसभर साखर न तपासणारे लोक मी घरातच पाहिलेत. अब्बाही त्यातलेच होते.

औषधांचं वेळापत्रक

इथे मी लिहिते ते डॉक्टरांशी बोलताना कळावं म्हणून. वाचून आपणच डोस बदलू नका.

मेटफॉर्मिननं एकट्यानं साखर सहसा फार उतरत नाही. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारला जाते, दोनदाची इफ्तार आणि सहरीला. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गटाचाही धोका कमी. जपायचं ते सल्फोनिलयुरिया गटाला, म्हणजे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडणाऱ्या गोळ्यांना. त्यातली ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी रोज्यात सगळ्यात त्रासदायक, आणि अब्बांना तीच चालू होती, सहरीला पूर्ण डोसात. ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिमेपिराइड तुलनेनं बरी. दिवसातून एकदाची असेल तर इफ्तारला घ्यायला सांगतात, दोनदाची असेल तर सहरीचा डोस कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, सोबत पाणीही जातं. म्हणून त्या इफ्तारला घेऊन रात्री पाणी भरपूर प्यायचं, आणि रमजान तोंडावर आलेला असताना नव्यानं सुरू करायच्या नाहीत. या गोळ्यांवर असताना किटोन वाढले तरी साखरेचा आकडा फार वर दिसत नाही, तेव्हा उलट्या आणि श्वास लागणं याकडे दुर्लक्ष नको.

दिवसभर पुरणारं इन्सुलिन बहुधा इफ्तारला आणून 15 ते 30 टक्क्यांनी कमी करतात. दोन वेळचं मिश्र इन्सुलिन असेल तर एरवी सकाळी घेतला जाणारा मोठा डोस इफ्तारला येतो आणि रात्रीचा कमी करून सहरीला जातो. मोठा डोस मोठ्या जेवणाबरोबर, एवढं सूत्र लक्षात ठेवलं तरी डॉक्टरांचं म्हणणं पटकन कळतं.

केव्हा तपासायचं, केव्हा थांबायचं

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया चालू असेल तर सहरीआधी, सकाळी, दुपारी, असरच्या सुमारास, इफ्तारच्या आधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी साखर बघावी. बरं वाटेनासं झालं तर घड्याळ न बघता लगेच. धोका कमी असलेल्यांना याहून कमी वेळा चालतं.

आकडा 70 च्या खाली, रोजा तिथेच थांबवा. 300 च्या वर, तरीही थांबवा. 70 ते 90 च्या मध्ये असेल तर तासाभरात पुन्हा तपासा. उलट्या, ताप, गोंधळ, भोवळ असेल तर आकडा काहीही असो, रोजा थांबवा. साखर उतरली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, म्हणजे साधारण 15 ग्रॅम होते. 15 मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्या आणि नंतर पोटभर काही खा. एकदा वर आली म्हणून पुन्हा उपाशी राहायचं नाही, कारण गोळीचा अंमल अजून उतरलेला नसतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

जेवणाबद्दल थोडक्यात. सहरी टाळून रोजा ठेवणं मधुमेहात सगळ्यात महागात पडतं. ती जितकी उशिरा करता येईल तितकी करा आणि इफ्तार वेळ होताच करा. दोन्ही सुन्नतही (पैगंबरांची रीत) आहेत आणि वैद्यकाच्याही बाजूच्या. सहरीला कोंड्यासकट धान्य, डाळी, अंडी, दही असं सावकाश पचणारं खा. खजुरानं रोजा सोडायला काहीच हरकत नाही, फक्त मोजून: मेदजूल जातीच्या एका मोठ्या खजुरात 16 ग्रॅमच्या आसपास साखर असते. एक खजूर, पाणी, नमाज आणि मग जेवण, अशा क्रमात ताट आपोआप आटोक्यात राहतं. तळलेलं आणि सरबतं यांनी साखर रात्रीत 300 पर्यंत नेऊन ठेवली, तर दिवसभराच्या संयमावर पाणी पडतं. तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजाच्या, रकाती हाच त्या दिवसाचा व्यायाम समजा, असरनंतर जोराचं चालणं नको.

त्या प्रसंगानंतरच्या वर्षी अब्बा दोन महिने आधी डॉक्टरांकडे गेले. गोळी बदलली. आठवडाभर रोजे ठेवून पाहायचं, आकडे वहीत लिहायचे आणि मग पुढचं ठरवायचं असं ठरलं. नवव्या रोज्याला दुपारी आकडा 66 आला तेव्हा त्यांनी स्वतः साखर मागितली आणि तो रोजा कजासाठी वहीत मांडून ठेवला. ईदनंतर डोस जुन्या वेळांवर आणायचे असतात, तेही बरेच जण विसरतात. म्हणून अम्मीनं गोळ्यांच्या डबीवर दोन चिठ्ठ्या चिकटवल्यात, एक रमजानची आणि एक बाकीच्या अकरा महिन्यांची. चाँद दिसला की ती वरची चिठ्ठी सोलून काढते.